मधल्या रांगेतली गिटार

मी गिटार. तारांना हात लावू नका, आज नुसतं ऐका. मी दमले आहे, आणि दमलेल्याला मध्येच थांबवलं की पुन्हा सुरुवात करायचा कंटाळा येतो.

माझा पुढचा पाट अख्ख्या लाकडाचा आहे. पाठ आणि कडा मात्र पातळ थर चिकटवून केलेल्या. एवढ्यात माझी सगळी कुंडली आली. कारखान्यात ज्या बाईनं मला जोडलं, तिनं पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि शेजारणीला म्हणाली, "हिचा गळा बरा आहे गं."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा. लाज आणणार नाही."

आणि तिनं मला पुढे सरकवलं. तिच्या मागं अजून ढीगभर पोटं टकटक करायची पडली होती.

दुकानात आमच्या तीन रांगा होत्या. खाली रंगीबेरंगी, स्वस्तातल्या. वर काचेच्या कपाटात महागड्या, ज्यांना हात लावायच्या आधी विचारावं लागे. मी मधल्या रांगेत. स्वस्त घ्यायला आलेला माणूस मला वाजवायचा, सुस्कारा टाकायचा आणि खालची घेऊन जायचा. महाग घ्यायला आलेला मला वाजवायचा, मान हलवायचा आणि वरची घेऊन जायचा. दोघांनाही आपण योग्य तेच केलं हे पटायला माझी गरज होती.

दुकानाचा मालक बोलघेवडा. "ही आमची मधली," तो सांगायचा, "घरात शोभेल आणि खिशाला टोचणार नाही." जणू मी खुर्चीच आहे.

माणसं निवडतात कशी, हे मी वर्षानुवर्षं टांगल्या जागेवरून पाहिलंय. कुणी आरशात बघतं, गळ्यात अडकवल्यावर आपण कसे दिसतो ते. कुणी रंग बघतं. कुणी सोबत आलेल्या मित्राचं तोंड बघतं. खाली बसून, मांडीवर घेऊन, डोळे मिटून ऐकणारा शंभरात एखादा. बाकी सगळे उभ्याउभ्या तेच एक अर्धं गाणं वाजवायचे. दिवसातून दहादा तेच अर्धं. उरलेलं अर्धं कसं आहे ते मला आजही ठाऊक नाही.

एकदा माझी विक्री झाली. दातांचा डॉक्टर होता. मोठ्या हौसेनं घरी नेलं, दहा दिवस वाजवलं, मग बोटांची टोकं बायकोला दाखवत म्हणाला, "फार दुखतं गं हे." दिवसभर लोकांना 'थोडंसंच दुखेल' म्हणणारा माणूस तो! त्यानंतर मी खिडकीपाशी उभी राहिले. दुपारचं ऊन रोज मानेवर. तारा गंजल्या, मान किंचित वाकली. दीड वर्षानं त्यानं मला परत दुकानात आणून सोडलं. मालकानं पुसलं आणि त्याच मधल्या रांगेत टांगलं. आता मी जुनी होते, म्हणजे घासाघीस करायला आणखी एक निमित्त.

दुकानाच्या मागच्या खोलीत मालकाची थोरली बहीण दुरुस्तीला बसायची. सगळे तिला ताईच म्हणायचे. कमी बोलणारी, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारी. तिनं माझ्या मानेतला लोखंडी गज पाव फेरा फिरवून मला जमेल तेवढं सरळ केलं. "एवढंच होईल बाई," ती मला म्हणाली. माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं माणूस.

मग एके सकाळी गळ्यात मापाची टेप अडकवलेली एक बाई आली. कपडे लहानमोठे करून द्यायच्या दुकानात ती कामाला होती. तिनं ना आरसा पाहिला, ना रंग. पर्समधून कामाचा एक जुना हातमोजा काढला, काउंटरवर पसरला आणि आम्हा सगळ्यांच्या माना टेपनं मोजायला लागली.

मालकाला हसू आवरेना. "बाई, गिटारला शर्ट शिवायचाय का?"

"नवऱ्यासाठी हवीय," ती म्हणाली. "उजव्या हातानं तारा दाबता येतील अशी. डाव्या हाताची ही दोन बोटं नाहीत त्यांना." तिनं मोज्याची तर्जनी आणि मधलं बोट दुमडून दाखवलं.

मालकाचं हसू गेलं. ताई आतून येऊन उभी राहिली.

नवरा कारखान्यात फिटर होता. प्रेस मशीनखाली हात आला. त्याआधी रोज कामावरून आला की चहाआधी गिटार हातात घ्यायचा. अपघातानंतर आठवड्याभरात त्यानं ती गिटार देऊन टाकली. आता कारखान्यानं त्याला फाटकावर बसवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. "घरी येतात आणि भिंतीकडे बघत बसतात," बाई म्हणाली. "मी बोलले तर 'हं'. नाही बोलले तरी 'हं'."

"डावखुऱ्यांची गिटार मागवावी लागेल," मालक म्हणाला. "दर चढा असतो, आणि कधी येईल सांगता येत नाही."

"एखादी उलटी करून देता येईल," ताई म्हणाली. "तारा उलट्या क्रमानं लावायच्या. मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, ती नवी करायची. खाली पोटावर तारा ज्यावर टेकतात ती घोडीही बदलायची." तिनं रांगांवरून नजर फिरवली. "वरच्यांना करवत लावायला माझा हात धजणार नाही. खालच्यांना सोसणार नाही."

तिची नजर माझ्यावर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा माझं मधलं असणं कुणाच्या तरी कामी आलं.

चार दिवसांनी बाई नवऱ्याला घेऊन आली. तोवर ताईनं मला उलटं करून टाकलं होतं. तो आला तो डावा हात खिशात घालूनच. मालक बिचारा गोंधळला आणि त्यानं हस्तांदोलनाला नेमका डावा हात पुढे केला. ते पाहून सगळेच अवघडले.

"हे काय आहे?" त्यानं बायकोला विचारलं.

"अहो, नुसती हातात तरी घेऊन बघा. उजव्या हातानं..."

"मी तुला मागितली होती?"

"नाही."

"मग? सगळ्या गावाला सांगत फिरतेस का, माझी दोन बोटं कमी आहेत म्हणून?"

ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तो माझ्याकडे न बघता निघून गेला. ती दारापर्यंत गेली, परत फिरली, ताईला म्हणाली, "तुमची मेहनत फुकट गेली," आणि मग त्याच्या मागे धावली.

त्यानंतरचे तीन आठवडे फार जड गेले. मी उलटी झाले होते. ज्यानं त्यानं मला उचललं, हात टाकला आणि दचकून खाली ठेवलं. ते अर्धं गाणंसुद्धा आता कुणाला वाजवता येईना. मालक बहिणीवर चिडला. "त्या माणसाला आधी विचारायचं तरी! आता हिला कोण घेणार?" ताई चष्मा शोधत राहिली. मला वाटलं, चला, इथंच संपलं. खरं सांगते, वाईट वाटण्याइतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो एकटा आला. ग्राहक कुणी नव्हतं. मालक जेवायला गेलेला. तो ताईला म्हणाला, "बायकोनं काही आगाऊ दिलं असेल तर परत करा."

"काही घेतलेलं नाही," ताई म्हणाली.

काम संपलं होतं, पण त्याचा पाय निघेना. त्यानं मला खाली उतरवलं, उजव्या हातानंच. एक डोळा मिटून मानेच्या टोकापासून नजर लावली, जसा कसबी कारागीर कांब सरळ आहे का बघतो.

"मान वाकलीय."

"उन्हात होती. गज फिरवलाय. आता त्रास देणार नाही."

मग मला टेबलावर ठेवून त्यानं अंगठ्यानं एकेक तार छेडली. पाचवीपाशी थांबला. पुन्हा छेडली. तार झणझणत होती, मधमाशी अडकल्यासारखी. त्यानं हाडाच्या पट्टीवर नख फिरवलं.

"ही खाच खोल गेलीय. केसभर."

ताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला, बराच वेळ पाहिलं. "गेलीय खरी. हात पूर्वीसारखा राहिला नाही माझा."

"कुठली कानस वापरलीत?"

तिनं दाखवली. त्यानं ती बोटावर फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "बोथट झालीय ही. हिनं खाच कापली जात नाही, नुसती खरवडली जाते."

ताईनं खण उघडला. हाडाचा एक कोरा तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. "मग तुम्हीच करा."

तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. "मला काय जमणार आता?"

"कानस उजव्या हातानं धरतात ना? आणि तुकडा धरायला शेगडा आहे." शेगडा म्हणजे कामाच्या टेबलाला लावलेला तो लोखंडी जबडा. "त्याला कुठं बोटं लागतात?"

त्यानं तो तुकडा उजव्या हातानं उलटासुलटा करून पाहिला. मग त्यानं डावा हात खिशातून काढला.

त्या दिवशी जमलं नाही. पहिला तुकडा वाया गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी तो घरून स्वतःच्या कानशी घेऊन आला, जुन्या फडक्यात गुंडाळलेल्या. ताई आणि तो फारसं बोलत नसत. "थोडं अजून." "इथं कड मारा." "आता पॉलिश पेपर." एवढंच. मी टेबलावर आडवी पडून ऐकत असे. इतकी वर्षं माणसं माझ्याकडे बघून पुढं गेली होती. हा माणूस माझ्यासाठी केसभराचा हिशोब लावत बसला होता.

चौथ्या दिवशी त्याची बायको आली. ताईची माफी मागायला आली होती ती. मागच्या खोलीच्या दारात आली आणि थबकली. तो पाठमोरा होता, शेगड्यावर वाकलेला, हाडाची पांढरी भुकटी फुंकरीनं उडवत. डाव्या हाताची उरलेली बोटं पट्टीच्या कडेवरून फिरत होती. ताईनं तिला पाहिलं. बाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि आल्या पावली निघून गेली.

पट्टी बसली. तारा चढल्या. पाचवी तार स्वच्छ बोलली. तो खाली बसला, मला मांडीवर घेतलं. कानशीनं घट्टे पडलेला उजवा हात, पण तारा दाबायला कोवळा. त्यानं एक सूर दाबला, बोट घसरलं, पुन्हा दाबला.

"चाळीस वर्षांचा घोडा आणि पहिलीत बसवलाय," तो पुटपुटला.

"फी कोण भरणार?" ताईनं विचारलं.

त्यानं मला विकत घेतलं. मालकानं घासाघीस होईल म्हणून कंबर कसली होती, पण त्यानं भाव विचारलासुद्धा नाही.

याला आता सहा वर्षं झाली. मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी असते. माझ्या आतल्या पट्ट्या सरळ तारांच्या हिशोबानं बसवलेल्या, आणि वर तारा उलट्या. त्या ओढीनं माझं पोट फुगत चाललंय. ताई म्हणते, अजून थोडी वर्षं निघतील. तो आता आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्याकडे कानस चालवायला जातो. फाटकावरची नोकरी आहेच. चमत्कार काही झाला नाही. तो चांगला वाजवत नाही. त्याच्या तरुणपणीचं एक गाणं आहे, त्यात एका जागी चारही बोटं एकदम बसवावी लागतात, ती बसत नाहीत. तिथं आला की तो हात उचलतो, आणि मशीनवर बसलेली बायको तोंडातल्या टाचण्या न काढता तेवढा तुकडा गुणगुणून भरून काढते. मग तो पुढं जातो. सहा वर्षं हे असंच चाललंय.

काल मात्र बोटं बसली. कशी कोण जाणे. चारही बोटांखालच्या तारा एकदम, स्वच्छ, खोलीभर. तिकडे ती सवयीनं गुणगुणायला लागलीच होती. दोन्ही आवाज एकत्र आले. ती गप्प झाली. मशीन थांबलं. तो मान खाली घालून माझ्याकडे बघत राहिला.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "म्हण."

तुम्ही दुकानात जाल तेव्हा मधल्या रांगेपाशी जरा बसा, एवढंच सांगायचं होतं. आता मला पाठीवर निजवा आणि तारा थोड्या सैल करा. संध्याकाळी तो येईपर्यंत मला डोळा लागू दे.