साठचा सेट

माझी सून माझ्याच वर्कशॉपमध्ये, गिऱ्हाइकासमोर मला म्हणाली, "बाबा, चाळीसचा सेट पुरेल. साठचा नको."

टाळकंच फिरलं माझं. ही बाई जन्माला यायच्या आधीपासून मी इंजिनं खोलतोय.

टेबलावर पिस्टनचे दोन सेट मांडलेले होते. एक मूळ मापापेक्षा चाळीस हजारांश इंच मोठा, दुसरा साठ. पिस्टन जितका मोठा तितकं सिलिंडर जास्त कोरायचं, आणि तितकी त्याची भिंत पातळ होणार. साठच्या पुढे पिस्टन बनतच नाही. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या जुन्या ओळखीच्या काकू; त्यांनी या जुन्या ट्रॅक्टरसाठी दुसरा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा सांगाडा, आठ महिने शोधला, मिळाला नाही. भिंत फुटली असती तर ट्रॅक्टर सरळ भंगारात.

काकूंची रोपवाटिका आहे, ट्रॅक्टर त्या स्वतः हाकतात. स्टुलावर बसून त्या एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत होत्या.

"सिलिंडर फार झिजलंय," मी म्हणालो. "चाळीसने चरे निघायचे नाहीत. मी मोजलंय."

"मीपण मोजलंय, माझ्या गेजने. तीनदा. निघतील. आणि भिंत आधीच पातळ आहे."

"मग चौथ्यांदा मोज. मला नको शिकवूस."

काकू म्हणाल्या, "मिस्त्री म्हणतील तसं करू. आमच्या ह्यांच्या वेळेपासून इंजिन त्यांच्याच हातात आहे."

सुनेने ब्लॉक कोरायच्या मशीनवर चढवला आणि बोल्ट आवळायला लागली. मी जिंकलो होतो, तरी नजर सारखी माझ्या हत्यारांच्या पेटीकडे जात होती. कारण मला ठाऊक होतं. सोमवारी, हे सिलिंडर मोजायच्या आधीच, माझा मायक्रोमीटर हातातून निसटून फरशीवर आपटला होता. कोणी पाहिलं नव्हतं. मी तो पुसला आणि गुपचूप पेटीत ठेवून दिला. हात हल्ली थरथरतात, ते घरात कळायला नको होतं.

मायक्रोमीटर तपासायला पेटीत एक पोलादी कांडी असते, बरोब्बर तीन इंची. दोघींकडे पाठ करून मी ती मोजली. आकडा आठ हजारांश जास्त आला. चष्मा पुसून पुन्हा मोजली. तेवढाच.

पाचावर धारण बसली माझी. म्हणजे सिलिंडर मी म्हणत होतो तेवढं झिजलेलंच नव्हतं. सून बरोबर होती.

मागे मशीन सुरू झालं.

खरं सांगतो, मी गप्प राहिलो. म्हटलं, भिंत टिकेलही. कोणाला कशाला कळतंय? आत्ताच तिला सगळ्यांसमोर झापलं, आता कोणत्या तोंडाने बोलू? लोखंडाचा कीस खाली पडत होता. पहिला हलका फेरा संपला. तिने कोरायचं टूल वर घेतलं आणि पुढच्या, खोल फेऱ्यासाठी त्याचं पातं बाहेर सरकवायला लागली. हा फेरा झाला की चाळीसचा सेट कायमचा गेला.

"बंद कर," मी म्हणालो.

आवाजात तिला ऐकू गेलं नाही. मी जाऊन स्वतःच बटण दाबलं.

"माझा मायक्रोमीटर खोटं दाखवतोय. सोमवारी माझ्या हातून पडला. मी सांगितलं नाही."

सुनेने फडक्याने सिलिंडर पुसलं, गेज आत सोडला, वर, मध्ये, खाली मोजलं.

"चाळीस बसेल अजून," ती म्हणाली आणि ब्लॉकवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

ती आता चार शब्द सुनावणार असं वाटलं. सुनावले असते तरी माझी तक्रार नव्हती. पण बोलल्या त्या काकू, आजारी माणसाशी बोलावं तितक्या जपून.

"मिस्त्री, यापुढे मापं सूनबाईच घेतील ना?"

सून चटकन म्हणाली, "काकू, तसं काही..."

मी तिला हातानेच थांबवलं. फार वाईट वाटत होतं, पण काकूंचं चुकलं नव्हतं.

"तीच घेईल," मी म्हणालो. एवढे दोन शब्द बोलायला मला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता.