ज्यानं बघितलं त्याच्यासाठी

मे महिन्यात आमच्या गावात संध्याकाळी क्रुसापुढे देवमातेची लादीन म्हणतात; एकानं तिचं एकेक नाव घ्यायचं, गावानं विनंती करायची. रोज एका घराची पाळी. मेणबत्त्या त्या घराच्या, उकडलेले चणे त्या घराचे, आणि प्रार्थना कोणासाठी ते सांगायचा मानही त्याच घराचा.

त्या दिवशी पाळी मार्थाची. तिचा पोरगा बावतीस पोलीस कोठडीत. वसईत तेव्हा जिथं तिथं इमारती उगवत होत्या. बिल्डरच्या माणसांनी त्यांच्या बागेला पाणी देणारं बावखल बुजवायला गोखिवऱ्याहून भरावाचे ट्रक आणले, हा आडवा उभा राहिला. त्यांच्यातल्या एकानं स्वतःच्याच दंडावर ब्लेड ओढलं आणि बोंब ठोकली, "चाकू मारला!" पोलिसांना तेवढंच पुरलं.

हे एकट्या ॲन्सेल्मनं बघितलं. बावतीसचा सख्खा काका. केळीत दडून बसला. आणि नंतर रोज भावजयीच्या ओट्यावर जाऊन हाच मर्द सांगायचा, "वयनी, विश्वास ठेव. देव बघतोय." आपलं काम देवाच्या गळ्यात मारायला आपल्याला लाज वाटत नाही.

लादीन म्हणणाराही तोच. आवाज खणखणीत.

"कोनासाठी म्हनू, वयनी?"

सगळ्यांना वाटलं, पोरासाठी.

"ज्यानं बघितलं त्याच्यासाठी," मार्था म्हणाली. "कोनीतरी बघितलंय. भ्यालाय बिचारा. त्याला बळ मिळू दे."

"भित्र्यासाठी एवढ्या मेणबत्त्या? एक पुरे होती," शेजारची लूर्डस खिदळली.

"गप. गुडघे टेक," मार्था म्हणाली.

ॲन्सेल्मनं सुरुवात केली. "सकाळच्या ताऱ्या," तो म्हणे. "आम्हासाठी विनंती कर," गाव म्हणे. सगळं गाव गुडघ्यांवर बसून त्याच्यासाठीच मागत होतं. "पाप्यांच्या आसऱ्या" आलं आणि त्याचा आवाज बसला. मार्थानं मागून ती ओळ म्हटली, पुढचीही म्हटली, लादीन शेवटाला नेली.

चण्यांची पहिली मूठ म्हणणाऱ्याची. त्यानं हात पुढे केला नाही.

"वयनी, मी होतो तिथं. केळीत."

लूर्डसनं चण्यांसाठी पुढे केलेली ओंजळ मागे घेतली.

"ठाव हाय. तुझा कोयता पडलेला तिथं. मीच उचलून आनला."

"मग बोलली का नाय?"

"तुला काय बोलू? त्याला सांगत होते रोज," तिनं क्रुसाकडे मान केली. "तो गप्प. म्हटलं, बसू वाट बघत."

"उद्या सकाळी ठाण्यात जातो."

"आता." तिनं चण्यांची पुडी बांधली, त्याच्या खिशात कोंबली. "हे बावतीसला. तूच दे त्याच्या हातात."

तो गावामधून निघाला. कोणी वाट अडवली नाही. पाठीवर हातही कोणी ठेवला नाही.