वळणावरची राक्षसगाडी

"काकू, हे बठ्ठं उचल. यंदा इथं बसायचं नही."

बेबाबाईने मान वर केली नाही. ती मांडी घालून खेळण्यातल्या गाडीच्या नारिंगी प्लास्टिक रस्त्याचे तुकडे एकात एक बसवत होती. मध्ये एक गरगरीत फेरा आणि शेवटी आ वासलेला हिरवा राक्षस. गाडी सोडली की फेरा मारून त्याच्या तोंडात शिरायची आणि पाठीतून बाहेर पडायची. शेजारी विक्रीच्या गाड्या मांडलेल्या होत्या, कुणी दात विचकलेली, कुणाला शिंगं फुटलेली.

"मी काय सांगू राह्यलो?" भूषण म्हणाला. तो तिच्या दिराचा मुलगा, यंदा यात्रा मंडळाचा अध्यक्ष. गळ्यातला रुमाल कालपासून उतरला नव्हता.

"ऐकलं मी. उठत नही."

"शाळेकडं जागा ठेवली तुह्यासाठी. सावली हाये तिथं."

"इथं निंबाची हाये. ती काय कडू लागते?"

बांगड्यांच्या दुकानावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भूषणच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची यात्रा होती. भुसावळकडच्या या गावात मरीआईच्या नावाने बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात आणि बैलांशिवाय ओढतात. उपास धरलेला, हळदीने माखलेला भगत पुढे, त्याला सावरायला दोन्ही बगलांना एकेक गडी, आणि गाड्यांवर चढलेलं निम्मं गाव. बेबाबाईचा नवरा शालिग्राम इथला भगत होता. वर्षभर हे दोघं मोटारसायकलला खेळण्यांची पोती बांधून दोंडाईच्यापासून दीपनगरपर्यंतचे बाजार करायचे. लोक त्याच्याशी घासाघीस करायचे, हुज्जत घालायचे. आखाजीला मात्र तेच लोक त्याच्या पायावर डोकं ठेवायचे.

याच निंबाच्या वळणावर मागच्या गाड्या त्याच्या अंगावर आल्या आणि तो गेला. त्या वर्षी शेवटच्या गाडीवर डीजेचे भोंगे चढवले होते. चढवले भूषणनेच, आणि ते अख्ख्या गावाने पाहिलं होतं. पण चौकशीला माणसं आली तेव्हा सगळे मूग गिळून बसले. मग गावाने आपलं एक कारण शोधलं. म्हणे भगताचा उपास मोडला, बायकोने देवळात चोरून भाकरी नेली. अहो, कसली भाकरी? ती बाई वळणावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची, गाड्या ओढून झाल्या की त्याने आधी तिच्या हातचं पाणी प्यावं म्हणून, बस एवढंच. पण गावाच्या जिभेला हाड थोडंच असतं.

तेव्हापासून दर यात्रेला ती याच वळणावर दुकान मांडायची. इथून एकदा उठली की भाकरीची गोष्ट खरी ठरली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भूषणने आवाज खाली आणला. "यंदाचा भगत, आपला नवीन, पहिल्यांदा ओढू राह्यला. भगताच्या वाटेत तुह्यं तोंड दिसणं... समजून घे ना. अन् वरून हे असे राक्षस. देवीच्या वाटेवर राक्षस मांडते का कोणी?"

आता तिने मान वर केली.

"माह्या राक्षसाच्या तोंडात गेलेली गाडी बाहेर निघते, भूषण. तुह्या भोंग्याखाली गेलेला माणूस निघाला नही."

बायकांचं हसू विरलं. दीपनगरच्या कॉलनीतलं एक जोडपं खेळण्यातली एक गाडी हातात घेऊन पाहत उभं होतं, ते ती हळूच खाली ठेवून सटकलं. भूषणने मंडळाच्या दोघा गड्यांना खूण केली. ते पुढे आले तशी बेबाबाईने पदर खोचला आणि यात्रेच्या वाटेवर पाय पसरून बसली.

"उचला. पण आधी मले उचला, मंग गाड्या."

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. यात्रेच्या दिवशी, मोबाईल रोखून उभ्या असलेल्या गावासमोर, बाईमाणसाला हात कोण लावणार? तेवढ्यात हलगी वाजत आली. गाड्या ओढण्याआधी भगत सगळ्या वाटेला पाया पडत जातो, तसा नवीन येत होता. एरवी केळीचे घड ट्रकवर चढवणारा हा गडी आज डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता. भूषण लगबगीने पुढे झाला आणि त्याने बेबाबाईच्या तोंडासमोर रुमाल पसरून धरला.

"रुमाल काढ," नवीन म्हणाला.

"अरे, अपशकुन—"

"काढ म्हणतो ना." रुमाल खाली आला. नवीन तिच्यासमोर उकिडवा बसला. "काकू, शालिग्राम काका कोठी पडले?"

इतकी वर्षं तो का पडला, हे जो तो तिला सांगत आला होता. कुठे पडला, हे कुणी विचारलं नव्हतं. तिने बोट खाली मातीवर टेकवलं.

"इथंच. माह्या पायापाशी," ती म्हणाली. "वळणावर मागच्या गाड्या लोटत येतात. मागं ओझं जास्त असलं का माणसाच्यानं आवरत नही."

"मागं काय होतं?"

"याले विचार."

हलगी थांबली. भूषण रुमालाची घडी घालत राहिला. घडी झाली, मोडली, पुन्हा झाली. नवीन उठत नव्हता.

"भोंगे," भूषण शेवटी पुटपुटला.

"आजबी चढवले तुम्ही."

"आता लोकाईले पाहिजे असतं, बाबा."

"उतरव. नही तं मी दोर अंगाले लावत नही."

उन्हं कलली तेव्हा गाड्या आल्या. शेवटच्या गाडीवर भोंगे नव्हते, नुसती हलगी. "बेबा, तोंड फिरव," मागून कुणी बाई म्हणाली. बेबाबाईने तोंड फिरवलं नाही. नवीन डोळे ताणून, दात आवळून वळणावर आला, गाड्या करकरल्या, मागून लोटल्या आणि त्याने त्या आवरल्या. बारावी गाडी वळण घेऊन सरळ लागेपर्यंत ती पाहत होती. उधळलेली हळद तिच्या केसांवर, राक्षसांवर, सगळ्या दुकानावर पडली.

धुरळा बसला. शालिग्रामसाठी दरवर्षी भरून आणायची तो तांब्या यंदाही भरलेलाच होता. तिने त्यातलं पाणी निंबाच्या बुडाशी ओतलं आणि जागेवर येऊन बसली.

"आजी, एकदा सोडून दाखव ना," एक पोरगी म्हणाली.

बेबाबाईने हळदीने भरलेली एक गाडी नारिंगी रस्त्यावर सोडली. गाडी फेरा मारून राक्षसाच्या तोंडात शिरली. ती राक्षसाच्या पाठीमागे ओंजळ धरून वाट पाहत राहिली.