सोदामच्या डाव्या कानातला मी

मित्रांनो, माझ्या जाळीवर ही पिवळट पुटं दिसतात ना, तो गंज नाही. तो एका मुलीच्या कानातला मळ आहे, त्यात तिचा घाम आहे आणि समुद्राचं मीठ आहे. किळस आली तर येऊ द्या, मलाही माझी येते. मी कानात खुपसायचा बिनतारी इअरफोन. आम्ही दोघे जुळे भाऊ. हे सगळं मी, डावा, सांगतो आहे, कारण जे झालं ते माझ्याच बाजूला झालं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी चिमट्याने माझ्या पोटात चुंबक ठेवला, वर पातळ पडदा बसवला आणि डोक्यावर रबरी टोपी चढवली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'व्यायामाचा सोबती, घामाला भीत नाही.' ते वाचून मी भलताच फुशारलो. त्याच खोक्यात एक घडी घातलेला कागदही होता. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, टोपी काढून धुवा, पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवा, दुसऱ्याला देऊ नका, आवाज बेताचा ठेवा, असं त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. सोदामने तो कागद खोक्यातच राहू दिला आणि खोकं त्याच दिवशी कचऱ्यात गेलं.

ही सोदाम एकतीस वर्षांची. कोरियाच्या राजधानीतली, सोलमधली चांगली नोकरी सोडून ती जेजू बेटावर, आईच्या गावी निघाली, तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून मला घेतलं. "तिकडे ऐकायला काय, नुसत्या लाटा! हे घेऊन जा बाई," असं म्हणत त्या हसल्या आणि मग रडल्याही. तिला बुडी मारणारी बाई व्हायचं होतं. हवेची नळी न घेता, नुसत्या श्वासावर तळाशी जायचं आणि शंख-शिंपले काढून आणायचे, हे काम तिच्या आजीने केलं होतं. आईने मात्र नाक मुरडून शहर गाठलं होतं. पण बेटावर मनाला येईल तेव्हा समुद्रात उतरता येत नाही. वर्षभर उमेदवारी करायची आणि वर्ष संपलं की गटातल्या बायका हात वर करतात. हात वर झाले तर समुद्र आपला, नाही तर सामान बांधायचं.

गटाची म्होरकी होती गुम्जा सामचुन. त्या गावात वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की बाप्या, सामचुनच म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, पण पाण्यात शिरली की पंचवीस वर्षांची वाटायची. बोलायची मात्र सगळं ओरडून. खोल पाण्याने दाबून दाबून तिथल्या सगळ्याच बायकांचे कान अर्धे गेलेले. कपडे बदलायच्या खोलीत पाच जणी गप्पांना बसल्या की बाहेरचं मांजर पळून जायचं.

श्वास वाढावा म्हणून सोदाम रोज बंधाऱ्याच्या रस्त्यावर धावायची. खरं सांगतो, ते दिवस फार सुखाचे होते. चढ आला की ती धापा टाकायची, मी ताल धरायचो, आणि ती थांबायची नाही. "तू नसतास तर मी कधीच बसले असते," असं ती एकदा मला हातात धरून म्हणाली. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

पण बुडीच्या दिवशी ती पाण्यातून यायची, केस ठिबकत असायचे, कानात पाणी डुचमळत असायचं, आणि तशीच मला आत खुपसून घरापर्यंत धावत सुटायची.

"ए बये," गुम्जा सामचुन एकदा ओरडली, "ओल्या बाटलीला बूच मारतेस का? आत आंबेल ना!"

"सामचुन, याला पाणी-घाम सगळं चालतं. खोक्यावर छापलंय."

"त्याला चालत असेल! कानाला चालतं का ते विचार की!"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. सोदामही हसली, आणि माझा आवाज तिने थोडा वाढवला.

म्हातारीचं खरं होतं, मित्रांनो. घामाने मी मरत नाही, पण घाम माझ्यात मुक्कामाला राहतो. धावून झालं की ती मला ओलाच डबीत टाकायची आणि झाकण खट्‌कन लावायची. आत अंधार आणि दमटपणा. ओले मोजे पिशवीत कोंबून ठेवल्यासारखी आमची गत व्हायची. दुसऱ्या दिवशी तीच घाण घेऊन मी परत तिच्या कानात शिरायचो. तिने मला कधीच पुसलं नाही असं नाही. एकदा पुसलं होतं, धावायच्या चड्डीला.

आधी कान खाजू लागला. ती मलाच आत गोल फिरवून खाजवायची. मग कान सुजला. सुजल्यावर माझा आवाज तिला कमी यायला लागला, म्हणून ती तो वाढवायची, आणि मी निमूटपणे वाढवून द्यायचो. मला बंद पडता आलं असतं. माझ्यात एवढं मीठ साचलं होतं की कुणाला नवल वाटलं नसतं. पण मला माझ्या तब्येतीची घमेंड होती. ती आज आठवली की मला माझीच लाज वाटते.

उमेदवारीचा शेवटचा दिवस शरद ऋतूत आला. लांबच्या खडकापाशी गुम्जा सामचुनबरोबर बुडी मारायची होती. सोदामच्या मते हीच परीक्षा होती. त्या सकाळी तिच्या उशीवर पिवळा डाग पडलेला होता. दुखण्याच्या दोन गोळ्या तिने एकदम गिळल्या. किनाऱ्याकडे धावत निघताना सवयीने मला कानात घातलं आणि "आई गं!" म्हणून ती रस्त्यातच खाली बसली. मग मला काढून तिने दोन्ही कानांत चघळलेल्या च्युइंगगमचे बोळे दाबून बसवले. म्हाताऱ्या बायका पाणी जाऊ नये म्हणून लावतात तसेच.

पाण्यात उतरण्याआधी गुम्जा सामचुन प्रत्येकीला एकच गोष्ट विचारायची. तिने सोदामच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "कान कसे आहेत?"

"बरे आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही, सामचुन."

खरं बोलले तर मला काठावर बसवतील आणि संध्याकाळी कुणी हात वर करणार नाही, ही भीती तिच्या पोटात होती. मला कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटात ठेवून ती बाहेर गेली आणि दाराला टेकून पायात पोहायचे पंजे चढवू लागली. आत गुम्जा सामचुनने बाकीच्या बायकांना जवळ बोलावलं आणि ती कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी.

"काल सगळ्यांनी हात वर केलेत हे पोरीला आत्ता बोलू नका हं! पोर आपली झाली, पण हुरळली तर पाण्यात श्वास तोकडा पडेल. वर आली की मीच सांगते."

दार सताड उघडं होतं. सोदाम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिचे कान धड असते, बोळे रस्त्यातच घालावे लागले नसते, तर तिला शब्द न्‌ शब्द ऐकू गेला असता. ती हसून आत आली असती, कान दुखतोय म्हणाली असती, आणि म्हातारीने तिला दोन शिव्या घालून दवाखान्यात पिटाळलं असतं. मी कपाटात होतो. मला सगळं ऐकू येत होतं आणि काहीही करता येत नव्हतं.

तासाभराने दोघी-तिघींनी तिला उचलून आणलं. त्यांच्या आरडाओरड्यातूनच मला कळलं. पाच पुरुष खोलीवर तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, गार पाणी आत घुसलं आणि तिला गरगरू लागलं. वर कुठे आणि खाली कुठे, ते तिला समजेना. ती तळाकडेच हातपाय मारत होती. गुम्जा सामचुनने गळपट्टीला धरून तिला वर ओढलं म्हणून ती वाचली.

शहरातल्या डॉक्टरने ऑपरेशन केलं. डाव्या कानाने अर्धंच ऐकू येईल, आणि बुडी आता जन्मात नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

महिन्याभराने गुम्जा सामचुन शिंपल्याची पेज घेऊन घरी आली. बराच वेळ वाटी पुढे सरकवत राहिली. मग तिने हात वर झाल्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता ती म्हातारी लहान मुलीसारखी रडली.

"आदल्या दिवशी?" सोदाम म्हणाली. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी मला कुठे सांगितलंस?"

पेज निवून गेली.

"अगं, मी दाराशीच बोलले होते," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "तू बाहेरच तर होतीस."

"मला ऐकू नाही आलं, सामचुन."

मी शेजारच्या टेबलावर उघड्या डबीत पडलो होतो. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मित्रांनो, माझ्याबरोबर जरूर धावा. पण आधी कान कोरडे होऊ द्या. धावून झालं की मला पुसा, माझी टोपी धुवा, मला वाळू द्या आणि मगच झाकण लावा. शेजारच्या माणसाची हाक येईल एवढाच माझा आवाज ठेवा. आणि कान दुखला तर ज्याची भीती वाटते त्यालाच सगळ्यात आधी सांगा. त्या मुलीला गावाने आपलं म्हटलं होतं, तिच्यापासून दोन हातांवर, मोठ्याने म्हटलं होतं, आणि ते मी तिच्या कानापर्यंत पोहोचू दिलं नाही.