मंडईचा खाऊ

दामिनीचं संशोधन अगदी साधं होतं, निदान तिच्या मते तरी. पहिलीतल्या मुलांना आधी घरच्या झाडीबोलीत गोष्ट वाचायला दिली आणि मग तीच गोष्ट पुस्तकी मराठीत दिली, तर मुलं लवकर वाचायला लागतात का, एवढंच तिला पाहायचं होतं. त्यासाठी तिनं हौसेनं कार्डं छापून घेतली होती. एका बाजूला ‘बकरीनं पऱ्हे खाल्ले’, कार्ड उलटलं की ‘शेळीने भाताची रोपे खाल्ली’. चित्र दोन्हीकडे एकच, धानाच्या बांधीत मान खुपसून उभी असलेली बकरी.

सिहोऱ्याकडच्या दोन गावांतल्या शाळा तिनं निवडल्या. चिचटोल्याच्या शाळेत ही कार्डं द्यायची. तळ्यापलीकडच्या बेलपारला काहीच द्यायचं नाही. तिथल्या इश्वर गुरुजींनी आजवर शिकवलं तसंच शिकवायचं. वर्ष सरताना दोन्हीकडची मुलं वाचायला बसवायची आणि फरक पाहायचा. तिची सगळी पीएचडी त्या फरकावर उभी होती. ‘बेलपारला कार्डाचा वारासुद्धा लागू देऊ नकोस,’ असं तिचे नागपूरचे मार्गदर्शक वीरेंद्र सर तिला प्रत्येक भेटीत बजावायचे, आणि ती प्रत्येक भेटीत मान डोलवायची.

खरं तर बेलपार निवडताना तिनं थोडा स्वार्थ पाहिला होता. तिची सख्खी आत्या, ललिताबाई, तिथंच दिलेली. दुपारच्या जेवणाची चिंता नाही. दामिनी वाढली जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, वडील फॅक्टरीत. तिथं शेजारीपाजारी सतरा भाषा बोलल्या जायच्या, फक्त घरची बोली घरात चालत नसे. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की आई डोळे वटारायची. त्यामुळे आत्याबाईशीही ती अजून शाळेतल्या भाषणासारखं बोलायची, आणि आत्याबाई तिला ‘आमची मॅडम’ म्हणून मनसोक्त चिडवायची. दामिनीला ते आवडायचं आणि थोडं लागायचंही.

दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे घराघरात पाहुणे, दिवसभर दुकानं आणि रात्री नाटक. बेलपारच्या मंडईला गेलं नाही तर आत्याबाई वर्षभर बोलणार नाही, आणि गेलं तर लेकरांसाठी खाऊ न्यायलाच हवा. या बाबतीत आत्याबाईची आठवण पक्की होती. तिची धाकटी जाऊ एका मंडईला हात हलवत आली होती. त्या जावेच्या घरी आता सुनांचं राज्य आलं, तरी आत्याबाई ती हकिगत अजून कालच घडल्यासारखी सांगायची.

दामिनी त्या दिवशी चिचटोल्याच्या शाळेतून घाईघाईनं तळ्याची पाळ ओलांडून थेट आत्याच्या अंगणात आली. आत्याची नात चंदा, बेलपारच्या शाळेत पहिलीला, समोर धावत आली आणि हात पुढे करून उभी राहिली. आणि दामिनीला आठवलं. खाऊ राहिलाच! ओसरीवर पाहुणे बसलेले, धाकटी जाऊ बसलेली, आत्याबाई दारातून बघतेय. तिनं पिशवीत हात घातला आणि जे लागलं ते चंदाच्या हातावर ठेवलं. सगळ्यांनी वा वा केलं, आत्याबाईनं मानेनं पसंती दिली, दामिनीनं सुटकेचा श्वास सोडला. मग तिनं पोटभर वडे खाल्ले आणि सगळं विसरून गेली.

उन्हाळा लागला तशी वाचनाची परीक्षा घ्यायची वेळ आली. चिचटोल्याची मुलं धडाधड वाचू लागली, दामिनी हरखली. दुसऱ्या दिवशी बेलपारला गेली, तर तिथलीही मुलं धडाधड वाचू लागली.

“मॅडम, आमच्या शाळेले का मागची समजून राहिले होते तुम्ही?” इश्वर गुरुजी चहा पुढे करत म्हणाले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. दामिनीनं हसून चहा घेतला. तो तिला गोड लागला नाही.

शेवटी सूरज नावाचा मुलगा वाचायला बसला. पुस्तकी मराठीतला नवा कागद, त्यानं पूर्वी कधी न पाहिलेला. त्यानं तो नीट वाचला, मग उलटा केला, पाठीमागचा कोरेपणा पाहून त्याचा चेहरा पडला.

“मागं आपलं नाही लिवलं?” त्यानं विचारलं.

बेलपारच्या मुलाला कागद उलटायचं काय कारण? त्या क्षणी दामिनीला अंगण आठवलं, पिशवी आठवली, चंदाचा पुढे केलेला हात आठवला.

शाळा सुटल्यावर ती आत्याच्या घरी गेली. ओसरीवर अर्धी पहिली जमली होती. मधे चंदा, हातात कडा झिजलेली तीच कार्डं. आत्याबाई सुपात तांदूळ निवडत ऐकत होती आणि मधूनच हसत होती.

“हे रोज असं चालतं, आत्याबाई?”

“मंडईपासून चालू हाय, मॅडम. तूच तं देली. हे पोट्टे खेळाले येतात न तेच वाचत बसतात. काहून वं, तोंड काहून उतरलं?”

दामिनीनं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. गप्प बसावं तर ‘या पद्धतीचा काही उपयोग नाही’ असं तिच्याच हातानं लिहावं लागणार, आणि ते धडधडीत खोटं. बोलावं तर वर्ष पाण्यात. मग तिनं अंगणात जाऊन सरांना फोन लावला.

“कार्डं बेलपारला गेली? कोणी दिली?”

“मीच दिली, सर.”

“पण कशासाठी?”

“मंडई होती, सर. खाऊ आणायला विसरले होते.”

वीरेंद्र सर मूळचे पवनीकडचे, मंडयांच्याच मुलखातले. मंडई म्हटल्यावर त्यांना पुढे रागावता येईना. फोनवर त्यांच्या हसण्याचा आवाज आला. “बेलपार आता तुलनेतून गेलं. नवी शाळा शोध, अजून एक वर्ष धर. आणि हे सगळं जसंच्या तसं लिही. कार्डं एका घरात गेली आणि वर्ग वाचायला लागला, हेही काही थोडं नाही. फक्त या वेळी तुझं कोणीही नसलेलं गाव निवड.”

फोन ठेवला तेव्हा दामिनीला हलकं वाटत होतं. वर्ष गेलं होतं, पण तिची कार्डावरची बकरी खरोखर चालली होती, कोणी न हाकता, तळं ओलांडून. अजून एका वर्षाला ती तयार होती.

“काय म्हणे तुहे सर?” आत्याबाईनं विचारलं. दामिनीनं सांगितलं. आत्याबाई विचारात पडली. कोणीच नसलेलं गाव तिला काही सुचेना. ज्याचं नाव घ्यावं तिथं कोणीतरी दिलेलं होतंच. तिनं सूप खाली ठेवलं.

“माह्या खाऊपायी तुहं नुसकान झालं न पोरी,” ती हळू आवाजात म्हणाली. “आता अशी कर. पुढच्या मंडईले रिकाम्या हातानं ये. मी कोणाले काही बोलू देणार नाही.”

धाकट्या जावेला जे कधी मिळालं नव्हतं ते आपल्याला मिळतंय, हे दामिनीला कळलं आणि तिला गलबलून आलं. तिनं पिशवी उघडली. आत नव्या गोष्टींच्या कार्डांचा अख्खा गठ्ठा होता. तिनं तो चंदाच्या ओंजळीत ठेवला.

“नाही, आत्याबाई,” ती म्हणाली. “आता बेलपारले मनाई नाही न. मी खाऊ घेऊनच येतो.”

‘मॅडम’च्या तोंडी घरची बोली ऐकून आत्याबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग पुन्हा सूप उचलत म्हणाली, “ये माय, दामिनी.”