जहाज फोडायचा सीन

पहिली थप्पड खोटी होती. दुसरी आणि तिसरीही. चौथ्या वेळी वायरमनचा हात धाकट्या भावाच्या, पेंटरच्या, गालाजवळून सणकन गेला, कुंपणामागे बसलेल्या माणसाने टाळी वाजवून आवाज काढला, आणि पेंटरला नेमकं तेव्हाच हसू फुटलं.

"कट!" टीव्हीवाल्या मॅडम किंचाळल्या. "अहो, मार खाल्लाय तुम्ही! हसताय काय?"

"काय करू मॅडम, दादाचा हात गालाशी आला की गुदगुल्याच होतात," पेंटर म्हणाला. "दादा, जरा मनापासून मार ना रे. डास हाकलल्यासारखा काय मारतोस?"

"तू गप बस. आणि मॅडम, हे थपडीचं काढून टाका बघू. मला नाही जमायचं."

"अहो काका, दोन घरांची रोषणाई आहे, स्पर्धा आहे. भांडण नाही दाखवलं तर लोक बघतील कशाला? नुसते दिवे?"

"मग? दिव्यांचाच कार्यक्रम आहे ना?" वायरमन म्हणाला. यावर कॅमेरावाल्यासकट सगळे हसले. त्याला काही त्यात विनोद दिसला नाही.

दोघा भावांच्या अंगात लोकरीचे स्वेटर होते. कार्यक्रम दिसणार वर्षाखेरच्या सुट्ट्यांत, म्हणून शूटिंग दोन महिने आधी, भर उकाड्यात. आणि पडद्यावर सगळं एकाच संध्याकाळी घडल्यासारखं वाटायला हवं, म्हणून रोज तोच स्वेटर, न धुता. थोरल्याला तांबडा, धाकट्याला निळा. खरं काम दिवसातून वीसच मिनिटं. सूर्य बुडाला की आकाश थोडा वेळ निळं राहतं, तेवढ्यात दिवेही उठून दिसतात आणि घरंही. बाकीचा दिवस नुसतं बसून राहायचं, घाम पुसायचा आणि मॅडम सांगतील ते ऐकायचं. त्या ऐकण्यानेच सगळा घात केला.

वायरमनला थप्पड का जमत नव्हती, ते सांगायला हवं. या दोघांचा बाप पट्ट्याने मारायचा. पट्टा उलटा धरायचा, म्हणजे बक्कल लागायचं. थोरला तेव्हा चौदाचा, धाकटा सहाचा. बापाचा हात पट्ट्याकडे गेला की थोरला धाकट्याला जमिनीवर पाडून त्याच्यावर पालथा व्हायचा आणि दात आवळून मोजत राहायचा. एकदा त्याची बरगडी मोडली, तरी उठला नाही. बाप मेला त्या दिवशी त्याने तो पट्टा चुलीत घातला आणि भावाला म्हणाला, "आता या घरात कोणी कोणावर हात उगारणार नाही. मी तर नाहीच नाही." बत्तीस वर्षं झाली. त्याने शब्द पाळला होता. माणूस कागदाच्या गिरणीत वायरमन, शिक्षण बेताचं, नाव घेण्यासारखं आयुष्यात काही नाही. पण ही एक गोष्ट त्याने केली होती, आणि त्याला तिचा मनातल्या मनात फार अभिमान होता.

पुढे बापाच्या जागेवर दोन लहान घरं उभी राहिली, मधे कंबरेएवढं कुंपण. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. लग्न केलं नव्हतं. जेवायला दोन्ही वेळा वहिनीकडे. आणि दर वर्षाखेरीला दोन घरं मिळून एकच रोषणाई: वायर आणि दिवे थोरल्याचे, रंग धाकट्याचे, कुंपणावरून गेलेली एक केबल आणि दोन्ही घरांना मिळून एक बटण. या वर्षी थोरल्याने जहाज केलं होतं. गिरणीतल्या भंगार पायपांचा सांगाडा, शिडाला बाराशे दिवे, प्रत्येक जोड हाताने सोल्डर केलेला. कामावरून आल्यावर रोज दोन तास, असं अकरा महिने चाललं होतं.

मॅडमना जहाज फार आवडलं. पण एक रोषणाई म्हणजे एकच स्पर्धक झाला, आणि त्यांना हवे होते दोन. मग त्यांनी जहाज थोरल्याच्या अंगणात ठेवलं, धाकट्याच्या घरावर आपल्या माणसांकरवी दुसरी रोषणाई चढवली, आणि पाटी लावली: भाऊ विरुद्ध भाऊ.

"कागदावरच आहे हो," त्या म्हणाल्या. "खेळ म्हणून घ्या."

दोघांनी खेळ म्हणून सह्या केल्या.

मग मॅडमनी एकेकाला खोलीत बसवून मुलाखती घेतल्या, आणि एकाची मुलाखत दुसऱ्याला ऐकवली. पेंटर तिच्यात म्हणत होता, "दादाला रंगातलं काय कळतंय?" वायरमन म्हणत होता, "तो काय, चार फराटे मारतो." इतकंच. पुढची वाक्यं कापली होती. पेंटर म्हणाला होता, "आणि मला करंटमधलं काय कळतंय? म्हणून तर दोघं मिळून करतो." आणि वायरमन म्हणाला होता, "चार फराटे मारतो आणि मेलेलं लोखंड जिवंत करतो." ही वाक्यं त्या यंत्रात कुठेतरी पडून राहिली. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारलं नाही. बापाने दोघांना एवढं मात्र बरोबर शिकवलं होतं, की दुखलं तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

त्या रात्री पेंटर जेवायला आला नाही. सकाळी वायरमनने पक्कड घेतली आणि कुंपणावरची केबल कचकन तोडली. पेंटर बाहेर आला, तुटकं टोक बघितलं, आणि हातातला रंगाचा डबा त्याने होता नव्हता तेवढा जोर लावून भावाच्या दारावर फेकला. दार त्याच वेळी वहिनीने उघडलं होतं. डब्याची कड तिच्या कपाळाला लागली. रंग पांढरा होता, त्यावरून रक्ताची धार खाली आली. कॅमेरावाला धावत आला तो तिला पाणी द्यायला नाही, कॅमेरा घेऊन.

"शरम वाटत नाही का रे मेल्या तुला?" ती ओरडली. ते कॅमेरावाल्याला होतं, पण पेंटरला वाटलं आपल्यालाच. तो पाठ फिरवून आत गेला, आणि दिवसभर भिंतीवर मुठी आपटल्याचे आवाज येत राहिले.

वायरमनच्या डोक्यात तिडीक गेली होती. तरी तो अंगणातल्या नळाखाली डोकं धरून बसला. "हात उगारायचा नाही," तो पुटपुटत होता. बायकोने कपाळावर पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "या लोकांना हाकला आधी. माणसं जातील निघून, आपल्याला इथेच राहायचंय."

"सही केलीय ना पण."

"सही केलीय म्हणून काय एकमेकांचे जीव घेणार आहात?"

दुसऱ्या दिवशी मॅडम पेंटरकडे गेल्या. त्याचा चेहरा रडून सुजला होता. त्यांनी एक गंमत सुचवली. आपल्या सुतारांकडून जहाजाची हुबेहूब नक्कल करून घ्यायची, थर्माकोल आणि फळ्यांची, शिडावर जळके दिवे टोचलेली. ती पेंटरने कॅमेऱ्यासमोर घणाने फोडायची. दादाला यातलं काही सांगायचं नाही. दादा धावत येईल, कपाळ बडवून घेईल, आणि मग ट्रकमागे ठेवलेलं खरं जहाज सगळे मिळून ओढत आणतील. "रडता रडता हसतील बघा. तिथेच भांडण मिटेल."

पेंटरला ते पटलं. तोंडाने माफी मागायची त्याला सवय नव्हती, ही पद्धत सोपी वाटली. टीव्हीवाल्यांच्या गोदामात बसून त्याने दोन दुपारी ती नक्कल रंगवली. पायपांवरचा गंज रंगवला. सोल्डरचे डाग रंगवले. दादाने एका जोडाला काळी टेप संपली म्हणून निळी लावली होती, तीसुद्धा रंगवली. सुतार बघायला आले आणि म्हणाले, "उस्ताद, आता खरं कुठलं ते तुम्हीच सांगा."

"आता मलाही नाही सांगता यायचं," पेंटर हसत म्हणाला.

नेमकं तेच झालं.

आठव्या संध्याकाळी आधी खऱ्या जहाजाचे पेटते शॉट घेतले. मग दिवे विझवून ते ट्रकमागे न्यायचं आणि त्या जागी नक्कल ठेवायची, असं ठरलं होतं. पण ढग आले, आणि वीस मिनिटांची आठच उरली. "बदललं का?" मॅडम ओरडल्या. कोणीतरी "हो, हो" म्हणालं. कोण ते पुढे कोणालाच आठवलं नाही. "मग घ्या! उजेड जातोय! ॲक्शन!"

पेंटर कुंपण ओलांडून आला आणि त्याने घण घातला. शीड फुटलं, दिव्यांच्या काचा अंगणभर उडाल्या. दुसरा घाव डोलकाठीवर. ती वाकली, तुटली नाही. सुतारांनी भलतंच मजबूत केलंय, असं त्याच्या मनात आलं. तिसरा, चौथा, पाचवा. साठलेला सगळा राग त्याने त्या खोट्या जहाजावर काढून घेतला, आणि राग जसजसा उतरला तसं त्याला हसू येऊ लागलं.

वायरमन घरातून धावत आला. हातात पक्कड होती. केबल तोडल्यापासून त्याला रोज वाटायचं की ती पुन्हा जोडून टाकावी, आज तो त्यासाठीच आपल्याकडचं टोक घरात ओढून सोलत बसला होता. त्याने बघितलं. अकरा महिने चिखलात पडले होते, आणि भाऊ त्यावर उभा राहून हसत होता.

"मार दादा, मार!" पेंटर हसत ओरडला. "खोटंय रे! सगळं खोटंय!"

वायरमनला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. हात वर गेला. पेंटरने सवयीने, सहा वर्षांच्या पोराच्या सवयीने, उजवा हात तोंडासमोर धरला. पक्कड त्या हातावर बसली. एकदा. पुन्हा. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. पेंटर खाली पडला तरी वायरमन थांबला नाही. लाथ घातली, कॉलर धरून डोकं जमिनीवर आपटलं. गल्लीतले लोक कुंपणाला टेकून बघत होते. त्यांना आठ दिवस टाळ्या वाजवायला शिकवलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वायरमनची बायको धावत आली आणि दिरावर पालथी पडली. पुढचा घाव तिच्या पाठीवर बसला. तेव्हा कुठे वायरमनने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

पेंटरने वहिनीला बाजूला सारलं. तोंडातून रक्त येत होतं. डाव्या हाताने त्याने काचांमधून एक तार उचलली आणि डोळ्यांजवळ नेली.

"दादा," तो म्हणाला, "हे तांबं आहे रे."

त्याने ती तार बोटांत फिरवून पाहिली.

"मला म्हणाले होते खोटं आहे. मीच तर रंगवलं होतं. हे खरं होतं, दादा?"

त्यानंतर बऱ्याच वेळाने मॅडमनी "कट" म्हटलं.

त्या काही राक्षस नव्हत्या. त्यांनीच गाडी काढली, दवाखान्यात रात्रभर बाकावर बसून राहिल्या, रडल्याही. पण वायरमन हात जोडून म्हणाला, "हे दाखवू नका," तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काका, ते आता माझ्या हातात नाही."

पेंटरच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती. एक जुळलं, दोन वाकेनात. तो डाव्या हाताने पाट्या रंगवायला बसला. अक्षरं पहिलीतल्या पोराच्या वळणाची यायची. तो घरीच भात शिजवून खाऊ लागला. वहिनी ताट घेऊन जायची, तो ताट घ्यायचा, धुऊन परत द्यायचा. वायरमन दोन महिने रोज कुंपणापर्यंत जायचा आणि परत यायचा. काय बोलणार? माफ कर म्हणायला तोंड तर हवं.

सुट्ट्या लागल्या आणि कार्यक्रम दाखवला. सारी गल्ली आपापल्या घरी टीव्हीसमोर. वायरमनला बघायचा नव्हता, पण तो बघत राहिला. घण, काचा, मग पक्कड उचललेला तो स्वतः. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. डोळे तसेच, ओठ तसेच आवळलेले. बापाचा एकही फोटो घरात नव्हता, आज बापच टीव्हीवर दिसला. हात खाली यायच्या आत ढोल वाजला, चित्र थबकलं, आणि पुढच्या क्षणी दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले होते. तोच तांबडा स्वेटर, तोच निळा. शेवट मॅडमनी शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन ठेवला होता, सगळे ताजेतवाने असताना. दोघे हसत होते. मिठीत पेंटर भावाच्या कानात काहीतरी म्हणाला होता, "दादा, पोट आत घे, कॅमेऱ्यात मावत नाहीस." त्यावर वाद्यांचं संगीत घातलं होतं. खाली अक्षरं आली: प्रेमाचा विजय.

घराघरांतून टाळ्या ऐकू आल्या. वायरमन उठला. बायको म्हणाली, "जा. आजच जा." तो कुंपणाला वळसा घालून भावाच्या दारात गेला आणि उभा राहिला. पेंटर दारात आला. वायरमनने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गल्लीतली सात-आठ माणसं मोबाईल उंचावत आली.

"वा! दोघे एकत्रच सापडले! एकदा ती मिठी मारा ना, टीव्हीतली!"

"हो, हो, मिठी! फोटो घेतो!"

वायरमन त्यांना हाकलणार होता. पण पेंटर पायरी उतरून खाली आला, जवळ आला, आणि त्याने भावाला मिठी मारली. नीट, दोन्ही बाजूंनी फोटो येईल अशी. मोडलेला हात तेवढा कुठे लागू नये म्हणून बाजूला, हवेत धरला होता. वायरमनने त्याला घट्ट धरलं आणि कानाशी म्हणाला, "मला मार रे. एकदा मार. मनापासून मार."

 पेंटर त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

"झाला का फोटो?" त्याने लोकांना विचारलं.

"झाला, झाला! मस्त आलाय!"

"बरं," पेंटर म्हणाला. तो सुटला, पायरी चढला आणि त्याने दार हळूच, आवाज न करता लावून घेतलं. लोक फोटो बघत पांगले. वायरमन तिथेच उभा होता. त्याचे दोन्ही हात अजून तसेच, पुढे धरलेले होते.