कोपऱ्यातली जागा

संघातल्या मुली तिला 'टपाल' म्हणत. हातात आलेलं दुसऱ्याच्या दारात टाकायचं आणि मोकळं व्हायचं, म्हणून. चिडवणं प्रेमाचं होतं, पण खोटं नव्हतं. बास्केटबॉलच्या संघात ती गार्ड होती, म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि खेळ मांडणारी. सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ. समोरच्या मुलीला चकवून ती सहज पुढे निघायची. मग रिंग हाताच्या टप्प्यात आली की तिचे हात आपोआप चेंडू सोडून द्यायचे, कुणाकडे तरी.

पूर्वी या 'कुणाकडे तरी'ला नेमका पत्ता होता. डाव्या कोपऱ्यात, मैदानाच्या दोन रेषा मिळतात तिथे, तिची ताई उभी असायची. धाकटी आत घुसली की दोघी-तिघी तिच्या अंगावर धावून यायच्या, आणि तोवर चेंडू कोपऱ्यात पोचलेला असायचा. ताई गुडघे जरासे वाकवायची आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली उतरायचा. धाकटीला त्या बाजूला बघावंही लागायचं नाही. घरातल्या अंधारात दिव्याचं बटण सापडतं, तसं ते होतं.

मागच्या वर्षी धावता धावता ताई चक्कर येऊन पडली. महिन्याभराने पुन्हा पडली. तपासण्या झाल्या. शेवटच्या तपासणीच्या वेळी ताई आत यंत्राखाली झोपली होती आणि डॉक्टर बाहेरच्या खोलीत आईला कागदावर चित्र काढून दाखवत होते. हृदयाची एक भिंत जाड झाली आहे. शिक्षण, नोकरी, संसार, सगळं होईल. औषधं वेळेवर घ्यायची. पण धावण्याचा खेळ नाही, आणि जिनेही शक्यतो नकोत.

"किती दिवस?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "दिवस नाहीत. खेळ आता कायमचा बंद."

धाकटी शेजारच्या खुर्चीत होती. ताईचे बूट तिच्या मांडीवर होते.

बाहेर आल्यावर आईने तिचा दंड घट्ट धरला. "तिला एक वर्ष सांगू. एकदम सांगितलं तर कोलमडेल पोर. वर्षभरात मन आपसूक वळतं."

आई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. आलेल्या बाटलीत काय आहे आणि काय नाही, एवढंच सांगायचं तिचं काम. असलेलं नाही म्हणणं तिला घरीसुद्धा जमत नसे. पाहुण्यांना चहा आवडला का विचारलं तरी ती खरं सांगून मोकळी व्हायची. त्या आईच्या तोंडून हे ऐकताना धाकटी घाबरली, आणि हो म्हणाली.

ताईने वर्षाची बातमी फार शांतपणे घेतली. संघाच्या मॅडमनी सगळ्यांसमोर तिला शब्द दिला, "कोपरा तुझा आहे. तू येईपर्यंत तिथे कुणी उभं राहणार नाही." मॅडमना वर्षापलीकडचं काही ठाऊक नव्हतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून खेळाची मांडणीच तशी झाली. ताईच्या जागी आलेली नवी मुलगी उंच होती, तिला रिंगखाली उभं केलं आणि तिचं नाव 'शिडी' पडलं. प्रत्येक सामन्याला ताई यायची, बाकाच्या टोकाला बसायची. तिच्या पिशवीत तिचे बूट असायचे, नाड्या बांधलेले.

आणि वर्ष संपत आलं. मन कुठे वळलं नव्हतं.

त्यांचं घर सहाव्या मजल्यावर होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. इमारतीची लिफ्टही त्यांच्याच देखरेखीखाली होती. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये कुणीतरी सामान चढवत होतं, म्हणून धाकटी जिन्याने निघाली. चौथ्या मजल्याच्या वळणावर ताई बसली होती. एक हात कठड्याच्या सळईवर, दुसरा छातीवर. ओठांचा रंग उडाला होता.

"काही नाही," ताई म्हणाली. तेवढं बोलायला तिला दोन श्वास लागले. "रोज एक मजला वाढवतेय. पुढच्या महिन्यात एकदम मैदानावर उतरले तर पाय कसे साथ देतील?"

"ताई, नको ना."

"आईला सांगितलंस तर याद राख."

धाकटी तिच्या शेजारी पायरीवर बसली. आईचं ताईला सांगायचं नव्हतं, आता ताईचं आईला सांगायचं नव्हतं. ताईचा श्वास जागेवर येईपर्यंत ती सळईवरचे रंगाचे पोपडे नखाने काढत राहिली. वर पोचल्यावर बाबांनी दार उघडलं.

"जिन्याने आलात? लिफ्टवाल्याच्या घरातच लिफ्टला गिऱ्हाईक नाही!" ते हसले. पण हसताना त्यांची नजर ताईच्या चेहऱ्यावर होती.

रात्रीची भांडी घासताना धाकटी आईला म्हणाली, "सांग तिला."

आईने पेला विसळला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा विसळला. "तिची परीक्षा होऊ दे."

"परीक्षेआधी काही झालं तर?"

"काय होणार आहे? औषधं घेते ना वेळेवर?"

जिन्याचं तोंडावर आलं होतं. धाकटीने ते गिळलं. सांगितलं असतं तर आई ताईवर रागावली असती, तिने जिना बंद केला असता, आणि खोटं तसंच राहिलं असतं. ताईने दुसरा जिना शोधला असता.

त्याच आठवड्यात मॅडमनी सरावानंतर तिला थांबवलं.

"टपाल, तुला एक विचारू? तू आत का जात नाहीस?"

"जाते की."

"दारापर्यंत जातेस. उंबरा ओलांडत नाहीस. शेवटच्या दोन पावलांत चेंडू फेकून देतेस. काल तर रिकाम्या कोपऱ्यात फेकलास. पंचाने चेंडू बाहेरून उचलून आणला."

धाकटीची मान खाली गेली. तो पास कुणाला होता हे दोघींनाही माहीत होतं.

"मी आत गेले तर समोर तिसरी उभी असते," ती म्हणाली. बोलताना ती हळूहळू शिकवल्यासारखी बोलू लागली. गणिताच्या तासालाही ती अशीच बोलायची. "ती कोपरा राखणारी असते, मॅडम. कोपऱ्यात आपलं कुणी नाही, म्हणून तिला तिथे काम नाही. ती रिंगखाली येऊन उभी राहते. एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतं. कोपऱ्यात कुणी नेम असलेलं उभं राहिलं, तर तिला बाहेर जावंच लागेल. मग वाट आहे."

"म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे."



मॅडमनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "तुझ्या ताईला शब्द मी दिलाय. तो मी मोडणार नाही. मैदानावर कुणी कुठे उभं राहायचं, हे सांगायचं काम मात्र गार्डचं असतं. आणि तू तर कुणाला शब्द दिलेला नाहीस."

दिला होता. पण तो मॅडमना सांगण्यासारखा नव्हता.

त्या दिवशी सामान आवरताना शिडी सहज डाव्या कोपऱ्यात जाऊन चेंडू टाकत होती. पहिला गेला. दुसराही गेला.

"तिथे नको उभी राहूस," धाकटी म्हणाली.

"का? रिझर्व्हेशन आहे?" शिडी हसली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती चेंडू काखेत घेऊन मुकाट्याने बाजूला झाली. तिचा नेम चांगला आहे, हे धाकटीने पाहिलं होतं. न पाहिल्यासारखं करणं आता शक्य नव्हतं.

पुढचा सामना त्यांच्याहून वरचढ संघाशी होता. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलल्या, आणि हल्ल्याचा डावा कोपरा त्यांच्या बाकाच्या अगदी शेजारी आला. ताई बाकाच्या टोकाला होती. तिथून कोपरा हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

धाकटी आत शिरली, तिसरी समोर आली, तिने चेंडू मागे दिला. पुन्हा शिरली, पुन्हा मागे. बाकावरून कुणीतरी ओरडलं, "टपाल, आज सुट्टी घे गं!" ताईने त्या मुलीला कोपराने ढोसलं. "तिला खेळू दे. पुढच्या महिन्यात मी आले की बघ."

धाकटीने ते ऐकलं. ताई मोठ्याने बोलली होती, हसत, आणि तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली होती.

मॅडमनी वेळ मागितली. पाणी पिऊन मुली परत निघाल्या तेव्हा धाकटीने शिडीचा हात धरला.

"कोपऱ्यात जा."

"कुठल्या?"

"डाव्या."

शिडीने बाकाकडे पाहिलं. "अगं, पण ते ताईचं..."

"जा. चेंडू आला तर मार. नाही आला तरी हलू नकोस."

ती हळू बोलली नाही. तिला हळू बोलता आलं असतं.

शिडी कोपऱ्यात गेली आणि बाकाकडे पाठ करून उभी राहिली. पाठमोरी ती ताईसारखी मुळीच दिसत नव्हती. रिंगखालची ती तिसरी क्षणभर घोटाळली, मग एक पाऊल बाहेर सरकली, मग आणखी एक. वाट उघडली. धाकटी त्या वाटेने आत गेली. हात सवयीने कोपऱ्याकडे वळले होते. तिने ते आवळून वर नेले. चेंडू रिंगमागच्या फळीवर जोरात आपटला आणि परत आला. चुकला.

पुढच्या खेपेला तिने कोपऱ्याकडे पाहिलं, जणू तिकडेच देणार. ती तिसरी शिडीकडे धावली. दोन पावलं. दुसऱ्याच एकीचा खांदा धाकटीच्या बरगडीत बसला, चेंडू फळीवरून हलकेच आत उतरला आणि ती पाठीवर पडली. छताचे दिवे डोळ्यांत आले. मुली धावत आल्या, कुणी ओढून उठवलं, कुणी पाठीत धपाटा घातला.

बाकावर सगळ्या उभ्या होत्या. ताई बसलेली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती शिडीच्या पाठीकडे बघत होती, आणि मग धाकटीकडे.

सामना ते थोडक्यात हरले.

घरी जाताना ताई पुढे चालत होती. धाकटीने पिशवी मागितली, तिने दिली नाही. बंद झालेल्या बँकेसमोर ती अचानक थांबली.

"वर्ष नाहीये ना?"

धाकटीच्या बरगडीत कळ आली. "नाही."

"मग किती?"

रस्त्यावरून एक रिकामी बस गेली. ती जाईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

"कायमचं?" ताईने विचारलं.

"हो."

"तू माझा कंगवासुद्धा विचारल्याशिवाय घेत नाहीस," ताई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "आणि जागा देऊन टाकलीस. तेव्हाच कळलं. कोणाकोणाला माहीत आहे?"

"आई. बाबा. मी."

"बाबांनापण!"

"म्हणून तर दर रविवारी लिफ्टला तेल घालतात."

ताईच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि मध्येच तुटला. मग ती बँकेच्या पायरीवर बसली आणि रडली, पिशवीवर डोकं ठेवून. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. थोड्या वेळाने धाकटीने पुन्हा ठेवला, तेव्हा झटकला नाही.

"तूच का सांगितलंस? आईने का नाही?"

"तू जिन्यावर बसली होतीस," धाकटी म्हणाली.

इमारतीच्या दारातून आत गेलं की डावीकडे जिना आणि समोर लिफ्ट. ताई जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी गेली. कठड्याच्या सळईवर तिने हात ठेवला, आणि वर बघत उभी राहिली, जिना जिथे वळतो तिथपर्यंत. धाकटी मागे थांबली. नको म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

ताई वळली. लिफ्टपाशी आली आणि बटण दाबलं.

वर कुठेतरी मोटर सुरू झाली. लिफ्ट आली, दार सरकलं. आत दोघींना पुरेल एवढीच जागा होती. दार बंद झाल्यावर ताईने पिशवी धाकटीच्या हातात दिली. बूट होते त्याहून जड वाटले.

"आईशी मी आज बोलणार नाही," ताई म्हणाली. "उद्याही नाही."

"बरं."

दाराच्या फटीतून एकेका मजल्याचा उजेड वरून खाली सरकत होता. चौथा मजला गेला.

"त्या शिडीला सांग," ताई दाराकडे बघतच म्हणाली, "टाचा रेषेला टेकवतेय ती. मोठ्या सामन्यात पंच सोडणार नाहीत. मी आज पूर्ण वेळ बघत होते."

"तूच सांग ना."

लिफ्ट सहाव्यावर थांबली. दार सरकलं तेव्हा समोर बाबा उभे होते. मोटरचा आवाज ऐकून ते बाहेर आले असणार. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग धाकटीच्या हातातल्या पिशवीकडे, आणि दार बंद होऊ नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.